गोधडी

जुनी लुगडी, धोतरे आणि वापरून विरलेले इतर कपडे थरावर थर रचून, धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले घरगुती अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात. घोंगडी वेगळी, ती लोकरीची असते आणि मागावर विणतात. कापूस भरलेली दुलईही वेगळी. दुलईतला कापूस काही वर्षांत गोळा होतो आणि तो पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. गोधडीच्या पोटात कापडच असते आणि टाक्यांनी ते जागच्या जागी धरलेले असते.

गोधडीला जुनेच कापड लागते. वर्षानुवर्षे धुऊन सुती कापडातली खळ निघून जाते, सूत मऊ पडते आणि सुई चार-सहा थरांतून सहज पार होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. जुन्या थराला जोडून शिवले तर चुण्या पडतात. गोधडी काटकसरीतून आली हे खरे, पण तेवढ्यावरून तिला गरिबाघरचे पांघरूण म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्यातला मऊपणा दुकानात विकत मिळत नाही, तो कुणीतरी अंगावर वापरूनच यावा लागतो.

नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरांच्या आसपास भरतो, आणि दोन तुकडे लांबीकडून जोडले की मोठ्या माणसाच्या गोधडीचा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात तळ आणि वरची बाजू दोन्ही भागतात. मधल्या थरांत सदरे, परकर, पोलकी, झंपर असे काहीही चालते. मात्र ते आधी उसवून, गुंड्या आणि जाड शिवणी काढून सपाट करावे लागतात. एखादी शिवण आत राहिली तर शिवताना सुई अडते आणि पुढे ती निजणाऱ्याच्या पाठीला रुतत राहते.

हे काम बहुधा उन्हाळ्यात, शेताची कामे आटोपल्यावर निघते. ओसरीवर तळाचे कापड ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात, थर रचतात आणि कच्च्या टाक्यांनी सगळे बांधून घेतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. चौकोनात चौकोन घालत, ओळींत बोटभर अंतर राखत तो मध्याकडे सरकतो. दोघी-तिघी एकेक बाजू धरून गोधडीवरच बसून शिवतात. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. लुगड्याचे काठ सहसा बाहेरच्या कडेला येतात, कारण त्यांची वीण घट्ट असते आणि ओढाताण तिथेच जास्त होते.

घरच्या माणसांसाठी शिवलेल्या या कामात सर्वांत जिव्हाळ्याचे असते ते दुपटे. तान्ह्या बाळाची ही लहान, दोन-तीन थरांची गोधडी. दुपट म्हणजे दुहेरी, त्यावरून हे नाव. पहिलटकरणीसाठी माहेरी बाळंतविडा तयार करतात. त्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दुपटी असतात. आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर यासाठी मुद्दाम राखून ठेवणारी घरे आहेत. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते, म्हणून हे जुने कापड. असे दुपटे ज्याच्या वाट्याला येते त्याला घरातली आधीची पिढी अक्षरशः अंगाखाली मिळते, आणि कितीही महागड्या आहेरापेक्षा हे मोठे देणे आहे.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र घालत. लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत.

भारतात या कामाच्या भावंडांची कमी नाही. बंगालमध्ये कांथा आहे, उत्तर कर्नाटकात कौदी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंडी शिवतात. हा आफ्रिकी वंशाचा समाज, आणि त्यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. आजही बरेच सिद्दी घरात कोकणी बोलतात. कवंडीचे टाकेही कडेकडून आत जातात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या ठिगळांची ‘फुले’ शिवतात.

टेरिकॉट आणि पॉलिएस्टर साड्या आल्यापासून गोधडी बदलली. हे कापड लवकर विरत नाही, पण घाम शोषत नाही आणि शिवताना हाताखालून निसटते. काही ठिकाणी शिलाई मशीनवर झाली. शहरांत घरोघर फिरून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. आईच्या साड्या त्यांच्याकडे सोपवून गोधडी करून घेणारी मुले-मुलीही आहेत.

घटस्थापनेआधी घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर धुतात. भिजलेली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोके धरून पीळ देतात आणि दगडांवर वाळत घालतात. कुठे टाके सुटले, कुठला थर विरला ते याच वेळी लक्षात येते. फारच विरलेली गोधडी टाकून देत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर-खाली दुसरे जुने लुगडे घालून, ती आहे तशीच मधला थर म्हणून शिवून टाकतात.