मोजा हुंगून मांजर असं तोंड का करतं?

दर दोन दिवसांनी कुठल्यातरी ग्रुपवर ते रील येतंच. मांजर मालकाचा मोजा हुंगतं, मग एकदम थिजतं, तोंड अर्धवट उघडं, वरचा ओठ वर ओढलेला, नजर शून्यात, आणि खाली कॅप्शन ‘वासाने मेलं बिचारं’. हसू येतं हे खरं, पण किळस वगैरे काही नसते हो, उलट वास एवढा इंटरेस्टिंग असतो की नुसत्या नाकाने भागत नाही म्हणून त्याने दुसरं नाक चालू केलेलं असतं! याला फ्लेमेन म्हणतात. एका ठिकाणी तर कोणीतरी ‘त्याला घरात काहीतरी दिसतंय, शांती करून घ्या’ असा सल्ला दिलेला. घ्या करून, मोजा धुतला तरी चालेल.

मांजर जांभई देईल तेव्हा नीट बघा, वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे टाळूवर एक बारकासा उंचवटा दिसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, तिथून नळ्या वर जातात आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या तळाशी दोन अरुंद, मागून बंद पोकळ्या असतात तिथे पोचतात. हा जेकबसनचा अवयव, लुडविग जेकबसन या डॅनिश डॉक्टरने 1813 च्या सुमारास याचं वर्णन केलं. आता गंमत अशी की साधे वास हवेत उडतात आणि श्वासाबरोबर नाकात जातात, पण मूत्रातले, गालाच्या ग्रंथींतले बरेच रेणू जड असतात, ते धड उडतच नाहीत. मग मांजर वस्तूला नाक टेकवतं, कधी चाटतं, आणि ते रेणू ओलाव्यात विरघळून भोकांपर्यंत येतात. पुढे आत ओढायचे कसे? त्या पोकळीला लागूनच रक्तवाहिन्या असतात, त्या आकसल्या की पोकळी रुंदावते आणि द्रव आत खेचला जातो, फुगल्या की बाहेर ढकलला जातो, थोडक्यात शाईपेनात शाई भरायच्या ड्रॉपरसारखं, फक्त रबराच्या जागी रक्त. तिथल्या व्ही1आर वगैरे रिसेप्टरांचा, म्हणजे हे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांचा, सिग्नल मेंदूच्या नेहमीच्या गंधकेंद्रात न जाता शेजारच्या वेगळ्या केंद्रात जातो, तिथून अमिग्डाला, हायपोथॅलॅमस, म्हणजे थेट हार्मोनच्या खात्यात. कोण आलं होतं, नर की मादी, माजावर आहे का, सगळी चौकशी इथे होते.

गावाकडे बोकड किंवा रेडा मान वर करून ओठ मुडपतो ना, तेही हेच. साप जीभ लपलप करतो तीही याच अवयवाला माल पुरवायला, आपल्याला घाबरवायला नाही. कुत्रा ओठ तसा वर करत नाही, पण खांबाजवळ चाटून झाल्यावर दात कडकड वाजवतो, कधी तोंडाला फेसही येतो, लगेच पिसाळलाय म्हणून दगड मारू नका.

माणसात मात्र हा अवयव नावापुरता उरलाय, त्याला लागणारं टीआरपीसी2 हे जनुकच आपल्यात निकामी आहे, तेव्हा ‘फेरोमोन परफ्यूम’च्या (फेरोमोन म्हणजे असेच एकमेकांना निरोप देणारे रेणू) जाहिरातींवर पैसे उडवायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

आणि हो, फ्लेमेन काही सेकंदांत आटपतं. मांजर काही न हुंगता तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर रील काढत बसू नका, तडक डॉक्टरकडे न्या.