ज्येष्ठांचं पडणं आणि ते टाळणं

आपापल्या घरात राहणारी साठी-पासष्टीच्या पुढची माणसं तोल जाऊन, पाय घसरून किंवा चक्कर येऊन पडू नयेत म्हणून जे काही केलं जातं, त्या सगळ्याला डॉक्टर लोक फॉल प्रिव्हेन्शन म्हणतात. हॉस्पिटलात पडणारे पेशंट हा वेगळा विषय, तिथे नर्स असते, बेडला कठडा असतो. इथे बोलायचंय ते घरी असणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्याच आजी-आजोबांबद्दल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल याचाच नंबर लागतो आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टीच्या पुढच्या दर तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. तरी "वय झालं, पडायचंच" हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी पडलं तर हाड मोडलं का एवढंच विचारतात, पडलं कशामुळे ते कुणी विचारत नाही. आणि ते विचारणं हीच खरी सुरुवात आहे.

हाड मोडलं नाही तरी भीती बसते. मग बाहेर जाणं कमी, जिना बंद, देऊळ बंद, बसून बसून पाय अजून लुळे पडतात आणि त्यामुळेच माणूस पुन्हा पडतो. बरेच जण पडलेलं सांगतच नाहीत. माझ्या आजीने दोनदा पडल्याचं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, दंडावरचा काळानिळा डाग दिसला तेव्हा कळलं. सांगितलं तर एकटीला देवळात जाऊ देणार नाहीत ही तिची भीती, आणि खरंच आम्ही तेच केलं असतं.

कारणं

"पाय घसरला" असं आपण म्हणतो पण घसरायच्या आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. मांड्या-पोटऱ्यांची ताकद गेलेली असते, मोतीबिंदू पिकलेला असतो, शुगरमुळे तळपाय बधिर झालेले असतात, गुडघे दुखत असतात म्हणून पाऊल नीट उचललं जात नाही. त्यात औषधं. झोपेची गोळी, बीपीची गोळी, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या यांनी उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरू शकतं. झोपलेलं माणूस उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने खाली आलं तर तो धोक्याचा इशारा समजतात, पण आपल्याकडे बीपी बहुतेक वेळा खुर्चीत बसवूनच बघतात, त्यामुळे हे सापडतच नाही. "उभं राहून पण बघा" असं डॉक्टरांना आपणच सांगायला हवं, आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडे जायला हवं (गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नयेत). रात्री बाथरूमला उठताना पलंगाच्या काठावर जरा वेळ बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उठायचं.

चष्म्याचं पण सांगायला हवं. खाली वाचायचा नंबर असलेल्या चष्म्यातून पायरी बघितली की ती धूसर दिसते, अंदाज चुकतो. जास्त बाहेर फिरणाऱ्यांना चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा पडतो.

आपली घरं

आपल्याकडे सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे बाथरूम. बादली-तांब्याची अंघोळ, खाली चकचकीत टाईल्स, त्यावर साबणाचा बुळबुळीत थर, आणि धरायला काय तर टॉवेलचा रॉड, जो दोन स्क्रूंवर असतो आणि माणसाचं वजन आलं की भिंतीतून निघून हातात येतो. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागेपाशी भिंतीत पक्के बसवलेले हँडल, खरखरीत फरशी किंवा खाली चिकटणारी रबरी मॅट, बसायला स्टूल, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. एरवी घरात फर्निचरवर लाखो खर्च होतात पण हँडल लावायला भिंतीला भोकं पाडायची म्हटलं की टाईल फुटेल म्हणून काम पुढे ढकललं जातं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

बाकी मग उंबरठा, दुमडलेल्या कोपऱ्याचं पायपुसणं, नुकतीच पुसलेली ओली फरशी, पायात येणारा गाऊन किंवा साडीचा घोळ, तळ झिजलेल्या रबरी स्लिपर, जमिनीवरून गेलेली टीव्हीची वायर. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढणं तर पूर्ण बंदच करायला हवं. जुन्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री तिथपर्यंत अंधारात जायचं. कोकणात पावसाळ्यात अंगणात, विहिरीपाशी, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते ब्लिचिंग पावडर टाकून घासून काढण्याचं काम जूनमध्येच व्हायला हवं, कुणी पडल्यावर नाही. शहरात फुटपाथ उखडलेले आणि एसटीची पायरी उंच, तिथे माणूस एकटा काही करू शकत नाही, ते काम महापालिकेचं आणि महामंडळाचंच आहे.

"बसून राहा" हा सल्ला चुकीचा

घरचे प्रेमापोटी सांगतात, तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो. यातून नुकसान होतं. सगळ्यात जास्त पुरावा कशाचा असेल तर तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाचा. जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त माणसं एकत्र धरली होती, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला ओटागो व्यायाम यासाठीच प्रसिद्ध आहे, त्यात फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स घरी येऊन शिकवतात आणि मग माणूस स्वतः करतो: टाचांवर चालणं, चवड्यांवर चालणं, एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, आणि शिवाय चालायला जाणं. सुरुवातीला ओटा धरूनच करायचं. नुसतं रोज चालायला जाणं पुरत नाही, तोल सांभाळायचा सराव वेगळा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नुसत्या गोळीने हे होत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचा ५ लाख युनिटचा मोठा डोस दिला, तर २०१० मध्ये निकाल आला तो उलटाच, पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले होते. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

तोल कितपत चांगला आहे हे घरीही बघता येतं. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर म्हणजे साधारण दहा फूट चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवावं. चाचणी घेताना सोबत कुणीतरी हवंच.

लोकांपर्यंत पोचवायचं कसं

अवघड भाग हा आहे. "पडू नका" असं पोस्टर लावलं की सत्तरीचा माणूस म्हणतो हे म्हाताऱ्यांसाठी आहे, माझ्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये ज्येष्ठांशी बोलून २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हेच पुढे आलं, की पडण्याबद्दलचा उपदेश अपमानास्पद वाटतो, पण पायात ताकद राहील, स्वतःचं स्वतः करता येईल असं सांगितलं तर ऐकतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये नॉर्थ कोस्ट भागात १९९२ ते १९९६ 'स्टे ऑन युवर फीट' नावाचा कार्यक्रम झाला, त्याच्या नावातही पडणं नाही, पायावर उभं राहणं आहे. त्यात डॉक्टर, औषध दुकानदार, नगरपालिका, स्थानिक मीडिया सगळे एकत्र आणले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या भागापेक्षा तिथे पडून हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण साधारण २० टक्के कमी राहिलं.

महाराष्ट्रात यासाठी नवीन काही उभं करावं लागत नाही. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा फेसकॉम हा महासंघ आहे, बागेत सकाळी हास्यक्लब भरतो, बायकांची भजनी मंडळं आहेत. तिथेच दहा मिनिटं तोलाचे व्यायाम घेतले तर कुणाला वेगळं बोलवावं लागणार नाही, आणि शेजारची करते म्हटल्यावर बाकीच्याही करतात.

काठीबद्दल लोकांना लाज वाटते, त्यामुळे कुणाची तरी जुनी काठी वापरतात. उभं राहून हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, आणि खालचं रबरी बूच झिजलं की बदलायचं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून काठी, वॉकर अशी साधनं गरीब ज्येष्ठांना मोफत मिळतात, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) पासष्टीच्या पुढच्या, वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी एकरकमी ३ हजार रुपयांची तरतूद केली. चौकशीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पडल्यावर

लगेच ओढून उभं करू नये. खुबा किंवा मांडी दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवायचं नाही, अँब्युलन्ससाठी १०८ लावायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटलात न्यायचंच. काहीच लागलं नसेल तर कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर हात टेकवून एक पाऊल पुढे घ्यायचं आणि मग उठून बसायचं. हे एकदा पडायच्या आधीच, गादीवर, घरचं कुणी सोबत असताना करून बघावं. एकटं राहणाऱ्यांनी मोबाईल बाथरूममध्येही हाताशी ठेवावा, आणि पडलं तर ते कधी, कुठे, काय करताना हे लिहून ठेवून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावं.