एका सुरुंगामागे हजार डॉलर? मोझांबिकचा अनुभव

भूसुरुंग 3 डॉलरमध्ये बनतो, पण काढायला 1000 डॉलर लागतात, त्यामुळे युद्धातून सावरणाऱ्या देशाला कितीही निधी दिला तरी तो अपुराच पडणार, असे गणित 1990च्या दशकापासून मांडले जाते. निधीच्या आवाहनात ते प्रभावी ठरत असेल. हिशेब म्हणून मात्र ते दिशाभूल करणारे आहे. खर्च मुख्यतः सुरुंगांच्या संख्येवर नव्हे, तर तपासाव्या लागणाऱ्या जमिनीवर ठरतो. धातुशोधक यंत्र खिळ्यावरही वाजते, काडतुसाच्या पुंगळीवरही वाजते, आणि खाली सुरुंग असो वा नसो, प्रत्येक वेळी माती तितक्याच सावधपणे उकरावी लागते. म्हणूनच गावकऱ्यांकडे चौकशी करून निर्धोक जमीन आधीच सुरुंगांचा संशय असलेल्या जमिनींच्या यादीतून वगळणे, यातच मोठी बचत असते. 1992मध्ये यादवी संपलेल्या मोझांबिकमध्ये 20 लाख सुरुंग असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी सापडले. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा या आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्व सुरुंग काढण्यासाठी असलेली 2009ची मुदत हुकली, हे खरे. तरीही सप्टेंबर 2015मध्ये, देणगीदार देशांच्या दीर्घकालीन मदतीवर, हा देश सुरुंगमुक्त जाहीर झाला.