उहुदनंतरच्या विधवा, यतीम मुलं आणि सूरह निसा

कुरआनातला चौथा अध्याय, सूरह निसा, स्त्रियांच्या नावाने ओळखला जातो. पण त्यातली दुसरीच आयत (वचन) यतीम, म्हणजे बाप वारलेल्या, मुलांबद्दल आहे. त्यांचा माल त्यांना द्या, त्यांचा चांगला माल घेऊन आपला वाईट माल त्यांच्या गळ्यात मारू नका, त्यांचं आपल्यात मिसळून गिळंकृत करू नका, असं ती सांगते. चार बायकांच्या मुभेवरून आजवर जिच्यावर सर्वांत जास्त वाद झाले ती आयत लगेच पुढची, आणि तिची सुरुवातही 'यतीमांना न्याय देता येणार नाही अशी भीती वाटत असेल तर' अशीच होते. आपल्याकडे रबीउल अव्वल या पैगंबरांच्या जन्ममहिन्यातल्या जलशांत मात्र 'इस्लाममध्ये स्त्रीचा सन्मान' हे एक भाषण होतं आणि 'अनाथांची सेवा' हे दुसरं. मुळात हा प्रश्न एकच होता. त्यात दयेचा भाग होताच, पण त्याहून मोठा भाग मालमत्तेचा होता.

सातव्या शतकाच्या सुरुवातीला अरबस्तानात कोर्टकचेरी नव्हती, राज्यसत्ता नव्हती. माणसाला संरक्षण होतं ते त्याच्या टोळीचं. टोळीसाठी लढायला जो उभा राहील त्याला लुटीतही वाटा आणि मयताच्या मालातही वाटा, हा सर्वसाधारण शिरस्ता. घोड्यावर बसून शत्रूशी लढू न शकणाऱ्या बायका आणि अल्पवयीन मुलं त्यातून आपोआप बाहेर पडत. बाप मेला की चुलते येत आणि उंट, खजुराची बाग, सगळं ताब्यात घेत. मयताच्या बायकोवरही त्याचे वारस हक्क सांगत. तिला स्वतः ठेवून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं की कुणाशीच लग्न करू द्यायचं नाही, हे ते ठरवत. स्त्रियांचे जबरदस्तीने वारस बनू नका, ही निसामधली एकोणिसावी आयत या प्रथेवर बोट ठेवते.

तरी 'इस्लामपूर्वी अरब स्त्रीला काहीच नव्हतं' हे ठोकून दिलेलं विधान मला पटत नाही. खदीजा ही मक्केतली विधवा स्वतःच्या पैशाने व्यापार करत होती, तिचा माल तांड्यांबरोबर शामपर्यंत (सीरियापर्यंत) जात होता, आणि तरुण मुहम्मदना तिनेच त्या कामावर नेमलं होतं. हे सगळं पैगंबरीच्या आधीचं. पण वजनदार घराण्यातल्या एखाद्या स्त्रीला जे जमत होतं ते बाकीच्यांना हक्क म्हणून मिळत नव्हतं. फरक पडला तो इथे.

पैगंबर मुहम्मद स्वतः यतीम. जन्म इसवी सन ५७० च्या सुमाराचा. वडील अब्दुल्लाह त्याआधीच वारले होते. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. पुढे सांभाळलं ते चुलते अबू तालिब यांनी. मक्केत उतरलेल्या सूरह दुहामध्ये याची थेट आठवण करून दिली आहे: तू यतीम होतास, तुला आसरा दिला ना? मग यतीमावर जोर करू नकोस. मक्केच्या काळातल्या या आयती आवाहनाच्या सुरात आहेत. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं, ही सूरह तकवीरमधली ओळही तिथलीच. तेव्हा मुसलमान मूठभर होते, स्वतःच मार खात होते. कायदा करायला सत्ता नव्हती.

मक्का सोडून मदिनेत गेल्यावर ती सत्ता आली, आणि पाठोपाठ मक्केवाल्यांशी उहुदची लढाई आली. इसवी सन ६२५. एका दिवसात सुमारे सत्तर मुसलमान ठार झाले. मदिनेची वस्ती लहान, त्यामुळे इतक्या घरांचे कर्ते एकदम जाणं म्हणजे गल्लोगल्ली विधवा आणि यतीम. निसामधल्या वारशाच्या आयतींची पार्श्वभूमी परंपरेने इथेच सांगितली जाते.

त्यातलं एक प्रकरण हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, ग्रंथांत तपशिलाने आलं आहे. साद बिन रबी हे मदिनेतले सधन गृहस्थ. मक्केहून हात हलवत आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफना त्यांच्या घराशी भाऊ म्हणून जोडलं गेलं, तेव्हा त्यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली होती. अब्दुर्रहमाननी ती न घेता बाजार कुठे आहे एवढंच विचारलं. हे साद उहुदला पडले. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावाने रिवाजाप्रमाणे सगळं उचललं. बाई पैगंबरांकडे आल्या, दोन्ही मुलींना बरोबर घेऊन. त्यांची तक्रार अगदी व्यवहाराची होती: यांच्या चुलत्याने यांच्यासाठी काहीही ठेवलं नाही, आणि माल असल्याशिवाय यांची लग्नं होणार नाहीत. पैगंबर म्हणाले, अल्लाह याचा निवाडा करील. वारशाची आयत आली तेव्हा चुलत्याला बोलावून सांगण्यात आलं: मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश, उरेल ते तुझं.

हिशेब मांडून पाहा. मालाचे चोवीस भाग केले तर मुलींना मिळून सोळा, आईला तीन, चुलत्याला पाच. काल ज्याच्या हातात चोवीस होते त्याच्याकडे पाच राहिले. भाऊबंदकी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हा धक्का किती मोठा होता ते वेगळं सांगायला नको. भाऊ असेल तर बहिणीला त्याच्या निम्मा वाटा, ही याच व्यवस्थेची दुसरी बाजू. मेहर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) आणि पोटगीची जबाबदारी पुरुषावर असल्याने तो वाटा योग्य ठरतो असं उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. आज बाई कमावते आणि घर चालवते तेव्हा या युक्तिवादाचं काय करायचं, हा प्रश्न मुसलमान स्त्रियाच विचारत आहेत.

यतीम मुलींचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांना त्यांचे भाचे उर्वा यांनी तिसऱ्या आयतीचा अर्थ विचारला होता. त्यांनी सांगितलं ते असं: वलीच्या, म्हणजे पालकाच्या, घरात यतीम मुलगी वाढते, तिची संपत्ती आणि रूप पाहून वलीला मोह होतो, मग तो तिच्याशी स्वतःच लग्न करतो आणि बाहेरच्याने दिला असता तेवढा मेहर देत नाही. तिच्या बाजूने भांडणार कोण? भांडायचं ज्याने, तोच नवरा. अशांना बजावलं गेलं की न्याय करता येत नसेल तर या मुलींचा नाद सोडा, दुसऱ्या बायका करा, दोन, तीन, चार. आणि तिथेही समान वागवता येत नसेल तर एकच. आयशांचा हा खुलासा बाजूला ठेवला की ती आयत निव्वळ पुरुषाची सोय वाटू लागते, आणि बहुधा तशीच ती वाचली गेली.

वलीने काय करायचं याचे नियम सहाव्या आयतीत आहेत. मुलं लग्नाच्या वयाची होईपर्यंत त्यांना पारखत राहा. समज आलेली दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. ती मोठी होतील या घाईने आधीच उडवून टाकू नका. श्रीमंत वलीने त्यातलं काही घेऊ नये, गरिबाने रास्त तेवढंच घ्यावं. आणि माल सोपवताना साक्षीदार ठेवा. दहावी आयत धाक घालते: यतीमांचा माल अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात. याचा परिणाम असा झाला की माणसं घाबरून गेली. घरात यतीम असेल त्याने त्याचं अन्न, त्याचं पाणी वेगळं काढलं. मुलाने टाकलेलं उरायचं ते कुणी खाईना. ते तसंच पडून नासायचं. शेवटी लोकांनी गाऱ्हाणं नेलं, आणि सूरह बकराच्या २२० व्या आयतीने मोकळीक दिली की एकत्र राहा-खा, ते तुमचे भाऊच आहेत; कोण बिघडवतो आणि कोण सुधारतो हे अल्लाह जाणतो.

दत्तकाचं कोडंही याच सुमाराचं. पैगंबरांनी झैद बिन हारिसा यांना मुलगा मानलं होतं, लोक त्यांना झैद बिन मुहम्मद म्हणत. सूरह अहझाबने सांगितलं की मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाका मारा. त्यामुळे शरीयतमध्ये दत्तक नाही, कफालत आहे: मूल वाढवा, शिकवा, पण त्याचा वंश पुसू नका. यतीमाची कफालत करणारा आणि मी जन्नतमध्ये असे असू, म्हणून पैगंबरांनी दोन बोटं दाखवली, ती हदीस बहुतेक प्रत्येक यतीमखान्याच्या पावतीपुस्तकावर असते. पुढच्या शतकांत या कामाला वक्फचा, म्हणजे धर्मादाय ठेवलेल्या मालमत्तेचा, पैसा मिळाला. बाराव्या शतकात अंदलुसहून (मुस्लिम स्पेनमधून) आलेल्या प्रवासी इब्न जुबैरने दमास्कसमध्ये यतीम मुलांची मोठ्या वक्फवर चालणारी शाळा पाहिल्याचं लिहिलं आहे. कैरोत मामलूक सुलतानांच्या काळात खाली पाणपोई आणि वर यतीमांची मकतब (प्राथमिक शाळा) अशा इमारती उठल्या. काही आजही उभ्या आहेत.

मालमत्तेच्या बाबतीत मात्र रिवाज चिवट निघाला, आणि त्याचं एक ठळक उदाहरण मुंबईचं आहे. १८४७ मध्ये खोजा आणि कच्छी मेमन समाजातल्या मुलींनी कुरआनप्रमाणे बापाच्या मालात वाटा मागितला. त्या वेळच्या मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींत मुलींना वारसा न देण्याचा रिवाज सिद्ध झाला आहे, तोच चालेल. सादच्या मुलींना मदिनेत जे मिळालं ते बाराशे वर्षांनी मुंबईत मिळालं नाही. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, दुसरी एक गोष्ट पक्की केली: मुस्लिम आईला मुलाचा ताबा असू शकतो, पण ती त्याच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नाही, त्याची जमीन ती विकू शकत नाही. म्हणजे यतीमाला वाढवणार आई, सहीचा अधिकार दुसऱ्याला.

१९३७ च्या शरीयत कायद्याने रिवाज बाजूला सारून मुलींचा वाटा परत आणला, पण शेतजमीन वगळून. आणि बहुसंख्य लोकांचा माल शेतजमीनच होता. वाटा मिळाला तरी भावाकडे हक्कसोडपत्र लिहून देण्याची रीत आपल्याकडे धर्म बघत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध होता. तिसऱ्या आयतीचं निव्वळ सोयीचं वाचन घरोघरी काय करतं, ते तेव्हा रस्त्यावर आलं. दत्तकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली मुसलमानही मूल दत्तक घेऊ शकतो; ज्याला वैयक्तिक कायदाच पाळायचा आहे त्याच्यावर सक्ती नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही, आणि ती थेट यतीमाचीच आहे. जवळचा वारस दूरच्याला अडवतो, या फिक्हच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) नियमामुळे आजोबांच्या हयातीत बाप वारला आणि एखादा चुलता जिवंत असला, तर नातवाला आजोबांच्या मालातून काहीच मिळत नाही. योगायोग असा की पैगंबरांचे वडीलही आजोबांच्या आधीच गेले होते. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसीयतीची (मृत्युपत्राची) तरतूद केली. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने त्यांना मेलेल्या बापाचा वाटा दिला. भारतात असा कायदा नाही. इथे आजोबांनी जिवंतपणी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करावी, नाहीतर हिबा (बक्षीस) करून द्यावा. हिबा तोंडीही चालतो, मात्र ताबा तेव्हाच प्रत्यक्ष द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर पुढे चुलत्यांसमोर तो टिकत नाही.