कोलीनची गोळी आणि उतरणारा मूड

कोलीन हे आहारातून मिळणारं पोषकद्रव्य; पूरक म्हणून त्याच्या गोळ्याही मिळतात. डबीवर ‘कोलीन बायटार्ट्रेट ५०० मिलिग्रॅम’ असं छापलेलं असलं, तरी त्यात कोलीन असतं सुमारे २०५ मिलिग्रॅम. उरलेलं वजन टार्टारिक आम्लाचं. गोळ्यांचे इतरही प्रकार आहेत: अल्फा-जीपीसीमध्ये कोलीन साधारण ४० टक्के, सिटिकोलीनमध्ये २१ आणि फॉस्फॅटिडिलकोलीनमध्ये जेमतेम १३ टक्के भरतं. म्हणून एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना गोळीचं नव्हे, कोलीनचं वजन जुळवावं. अमेरिकी निकषांनुसार पुरुषांना दिवसाला ५५० आणि स्त्रियांना ४२५ मिलिग्रॅम कोलीन पुरतं. आहारातलंही त्यातच धरायचं.

मज्जापेशीच्या टोकाशी एक विकर (एन्झाइम) कोलीनला ॲसिटिल गट जोडतं आणि ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन तयार होतं. संदेश पोचला की दुसरं विकर, ॲसिटिलकोलिनएस्टरेज, त्याचे तुकडे करतं. सुटलेलं कोलीन पेशी पुन्हा आत ओढून घेते.

हे ॲसिटिलकोलीन स्मरण आणि एकाग्रतेसाठी लागतं, हे सगळे सांगतात. मूडचं मात्र फारसं कोणी बोलत नाही. १९७२ साली मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड जानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की ॲसिटिलकोलीनचं पारडं जड झालं की मन नैराश्याकडे झुकतं आणि नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचं जड झालं की उन्मादाकडे. ॲसिटिलकोलीनचं विघटन रोखणारं फायसोस्टिग्मीन हे औषध शिरेतून दिल्यावर उन्मादातल्या रुग्णांचा आवेग ओसरला, काही जण तर खिन्न झाले. पुढे हालचालींच्या विकारासाठी कोलीनचे मोठे, काही ग्रॅमचे डोस दिले गेले, तेव्हाही काही रुग्णांना नैराश्य आलं. उलट ॲसिटिलकोलीनचा संदेश घेणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) अडवणाऱ्या स्कोपोलमिन या औषधाने नैराश्य कमी झाल्याचं २००६च्या चाचणीत दिसलं. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. पण गोळी सुरू केल्यावर विनाकारण उदास वाटू लागलं, तर आधी गोळीवर संशय घ्यावा.

सुरुवात कमी डोसने करावी आणि त्याच आठवड्यात दुसरं कुठलंही नवं पूरक घेऊ नये, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. मूड आणि झोपेची रोज एक ओळ लिहून ठेवावी. मन खचत असेल तर गोळी थांबवावी. नैराश्य किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी, तसंच स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल हे औषध घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. डोनेपेझिलही ॲसिटिलकोलीनचं विघटन रोखतं, त्यामुळे दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला जातो.

प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ३,५०० मिलिग्रॅम. त्यापुढे रक्तदाब उतरतो, घाम आणि लाळ वाढते. अंगाला मासळीसारखा वास येऊ लागला, तर आतड्यातल्या जिवाणूंनी कोलीनपासून बनवलेलं ट्रायमिथाइलअमीन यकृताला आवरत नाहीये, असं समजावं.