डोंगरकामाची कविता

डोंगरात मजुरी करता करता सुचलेली आणि जुन्या चिनी कवितेच्या वळणाने लिहिलेली निसर्गकविता. प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागातला, १९५० च्या दशकातला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव गॅरी स्नायडर (जन्म १९३०).

स्नायडर १९५२ मध्ये क्रेटर माउंटनवर आणि १९५३ मध्ये सावरडो माउंटनवर, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड रांगेत, वणव्यावर नजर ठेवायला होता. शिखरावरच्या खोलीत एकट्याने राहायचं आणि धूर दिसला की रेडिओवर कळवायचं, एवढंच काम. १९५५ च्या उन्हाळ्यात मात्र कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या योसेमिटीत पायवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीत खरी अंगमेहनत होती, तिथे तो रिपरॅप शिकला, म्हणजे गुळगुळीत चढाच्या खडकावर घोडे घसरू नयेत म्हणून दगड बसवून वाट करायची. कोकणात गडगा रचणाऱ्याला हे सांगायला नको, दगड हातात फिरवून त्याची बसकी बाजू शोधायची, डुगडुगला तर खाली चीप सारायची, सिमेंट वगैरे काही नाही.

त्याच काळात तो बर्कलीच्या विद्यापीठात चिनी शिकत होता आणि हानशानच्या २४ कवितांचं भाषांतर करत होता. हानशान म्हणजे थंड डोंगर. चीनमधल्या थांग घराण्याच्या काळातला, तिआनताई डोंगरात राहणारा हा विरक्त खडकांवर, झाडांवर, भिंतींवर कविता लिहून ठेवायचा अशी आख्यायिका आहे. जुन्या चिनी कवितेत ओळ बहुतेकदा पाच किंवा सात अक्षरांची, प्रत्येक अक्षर सुटं, आणि ‘मी’ पुष्कळदा गाळलेलाच. स्नायडरने ही काटकसर इंग्रजीत आणली. शब्दही दगडासारखे एकापुढे एक बसवायचे, हे त्याने ‘रिपरॅप’ नावाच्या कवितेत सरळ सांगूनच टाकलंय.

सावरडोवरची ऑगस्टमधली कविता बघा. पाच दिवस पाऊस, मग तीन दिवस ऊन, दरीत धुरकट, फर झाडाच्या फळांवर चमकणारा डिंक, नव्या माश्यांचे थवे. अर्धी कविता संपते तरी ‘मी’ नाही. तो येतो तेव्हा वाचलेलं काही आठवत नाही म्हणतो, आणि टिनच्या पेल्यातून बर्फाचं पाणी पीत खाली मैलोन्‌मैल बघत बसतो, बस. निसर्ग किती सुंदर वगैरे एक शब्द नाही, आणि माझ्या मते तीच गंमत आहे.

‘रिपरॅप’ हा संग्रह १९५९ मध्ये क्योटोत छापला गेला, हानशानच्या भाषांतरांसकट १९६५ मध्ये आला. भाषांतरातल्या डोंगराला चीनपेक्षा सिएराचाच वास जास्त येतो, हा आक्षेप घेता येईल, पण वाचताना खटकत नाही. त्याचे लेखक मित्र फिलिप व्हॅलन आणि जॅक केरुअ‍ॅक यांनीही वणव्याच्या पहाऱ्याची कामं केली. केरुअ‍ॅक १९५६ मध्ये डेसोलेशन शिखरावर ६३ दिवस होता.

१९६२ मध्ये स्नायडर भारतात आला होता, कवी मित्र अ‍ॅलन गिन्सबर्गसोबत वेरूळलाही गेला. तिथल्या लेण्यात मांडी घालून स्नायडरने प्रज्ञापारमिता हे बौद्ध सूत्र म्हटलं, चिनी-जपानी उच्चारात, आणि त्या घुमणाऱ्या आवाजाची गोष्ट गिन्सबर्ग नंतरही सांगायचा.