‘विकून टाका त्याला’

जानेवारी लागला की नेरूळच्या आमच्या टर्फवर खेळापेक्षा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजारच जास्त चालतो. रात्री दहा ते अकराचा स्लॉट आमचा. आधीची पोरं बाहेर येईपर्यंत जाळीला टेकून बूट बांधायचे आणि तोंड चालवायचं.

‘‘पाच मॅच झाल्या, एक गोल नाही. विकून टाका त्याला.’’

‘‘अरे, बॉलच मिळत नाही त्याला. विंगवरून एक तरी धड क्रॉस येतो का?’’

‘‘मग मागे येऊन घ्यावा ना. नऊ नंबर घालून नुसता उभा असतो.’’

‘‘आणि घेणार कोण? सौदीवाले?’’

बोलणं कोणत्या स्ट्रायकरबद्दल, म्हणजे गोल मारायचं काम असलेल्या नऊ नंबरबद्दल, चाललंय ते सांगत नाही, कारण नाव दरवर्षी बदलतं, वाक्यं तीच राहतात. या वाक्यांना बराच इतिहास आहे आणि त्यातला काही तर टर्फपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येच घडलेला आहे.

मुंबईत पूर्वी ‘पुढचा क्लब कोणता’ असं कोणी विचारत नसे. विचारायचे ते ‘पुढची नोकरी कोणती’. रोव्हर्स कप १८९१ पासून इथे खेळला जायचा आणि कूपरेजचं मैदान भरायचं, पण मैदानात उतरायच्या त्या मुख्यतः कचेऱ्यांच्या, गिरण्यांच्या आणि बँकांच्या टीम. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया. स्ट्रायकर म्हणजे आधी पगारपत्रकावरचं नाव, मग नऊ नंबर. या व्यवस्थेतून आलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे नेव्हिल डिसोझा. टाटांकडून खेळणाऱ्या या मुंबईकराने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हे करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ जिंकला, पुढे स्पर्धेत चौथा आला आणि डिसोझा चार गोलांसह संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला. आज कोणी असं केलं तर आमच्या टर्फवर आठवडाभर रिलीज क्लॉजचाच, म्हणजे करार मोडून त्याला न्यायच्या ठरलेल्या रकमेचाच, हिशेब चालेल. डिसोझासाठी असा हिशेब कोणी मांडला नाही, कारण मांडायला बाजारच नव्हता.

आमच्या सोसायटीतले एक काका अशाच एका बँकेच्या टीममध्ये होते. गोल आटले की काय व्हायचं, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘काय व्हायचं? परत काउंटरवर बसवायचे. वर पासबुक भरायला आलेला माणूस विचारायचा, काय हो, रविवारी मारला नाहीत तो?’’ फॉर्म गेल्याची शिक्षा एवढीच. पीएफ आणि क्वार्टर्स शाबूत राहायच्या. मला ही पद्धत आजच्यापेक्षा माणुसकीची वाटते. आमच्यातल्या धाकट्यांना ती हास्यास्पद वाटते, आणि फुटबॉलच्या दर्जाचा विचार केला तर त्यांचंही बरोबर आहे.

हे सगळं हळूहळू आटोपलं. रोव्हर्स कप नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसी २०१७ पर्यंत तग धरून होती.

तोवर आमच्या पिढीचे डोळे दुसरीकडे लागले होते. नव्वदच्या दशकात केबलवर इंग्लिश फुटबॉल यायला लागलं आणि वाशी-नेरूळच्या नव्या नव्या सोसायट्यांमध्ये पोरं लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडची झाली. शनिवारचा मुख्य सामना हिवाळ्यात साडेआठला, म्हणजे जेवणाच्या वेळेला. घरोघरी रिमोटवरून मारामाऱ्या. याच सुमारास युरोपात दोन गोष्टी झाल्या. डिसेंबर १९९५ मध्ये बोसमन खटल्याचा निकाल लागला आणि करार संपलेला खेळाडू फुकटात दुसरीकडे जायला मोकळा झाला. मग २००२-०३ पासून फिफाने खरेदी-विक्रीला ठरावीक मुदत घालून दिली: एक खिडकी उन्हाळ्यात, दुसरी जानेवारीत. पूर्वी इंग्लंडात मार्चअखेरपर्यंत खेळाडू विकत घेता यायचे. आता हंगामाच्या मध्यावर एकच महिना. पाच सामने गोल न करणारा स्ट्रायकर ऑक्टोबरमध्ये ‘जरा मागे पडलाय’ असतो. जानेवारीत तोच ‘विकून टाका’ होतो.

आणि मग टोरेस.

स्पेनचा फर्नांडो टोरेस २००७ मध्ये ॲटलेटिको माद्रिदहून लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २४ गोल केले. आमच्यातल्या निम्म्यांनी तेव्हा फॅशन स्ट्रीटवरून लाल जर्सी आणल्या होत्या, पाठीवर नऊ. बचावपटूच्या मागून तो पळत सुटायचा तेव्हा त्याचं पहिलं पाऊलच असं पडायचं की समोरचा वळेपर्यंत काम तमाम. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यात स्पेन विश्वचषक जिंकला, पण त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. फॉर्मचा वाद तिथे सुरू झाला होता. आम्ही लिव्हरपूलवाले तो मान्य करत नव्हतो इतकंच.

३१ जानेवारी २०११. खिडकी इंग्लंडात रात्री अकराला बंद होणार, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. मी जागाच होतो. चेल्सीने ५ कोटी पाउंड मोजून टोरेसला नेलं. त्याच दिवशी लिव्हरपूलने साडेतीन कोटींना अँडी कॅरल आणि त्याहून बऱ्याच कमी पैशांत लुइस सुआरेझ आणला. स्वयंपाकघरात आईने दूध तापायला ठेवलं होतं. ‘‘एवढ्या पहाटे कोण गेलं?’’ तिने विचारलं. मी म्हणालो, ‘‘टोरेस.’’ तिला वाटलं, वारला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. चेल्सीकडून त्याचा पहिला सामना लिव्हरपूलविरुद्धच, आणि चेल्सी तो हरली. पहिला गोल उगवला २३ एप्रिलला, वेस्ट हॅमविरुद्ध, भर पावसात. पाण्याच्या डबक्यात बॉल अडकला आणि तो त्याच्या पायाशी थांबला. सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर गोलकीपरला चकवून मोकळ्या गोलसमोर त्याने बॉल बाहेर मारला. आजही टर्फवर कोणी सोपा चान्स घालवला की ‘‘टोरेस झाला!’’ अशी आरोळी उठते, आणि ती ठोकणाऱ्यांपैकी काही जण २०११ मध्ये बालवाडीत होते.

पण हा किस्सा सांगताना सोयीने अर्धाच सांगतात. एप्रिल २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर शेवटच्या क्षणी गोल करून चेल्सीचं चॅम्पियन्स लीगच्या फायनलचं तिकीट पक्कं करणारा तोच, त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेत गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस, मिळवणाराही तोच. फॉर्म जातो म्हणजे नेमकं काय जातं? माझं मत विचाराल तर त्याचा पाय गेला नव्हता. ते पहिलं पाऊल गेलं होतं आणि चेल्सी बॉल द्यायची पायात, मोकळ्या जागेत नाही. स्ट्रायकरचं दुर्दैव असं की मिडफिल्डरचे वीस चुकलेले पास कोणी मोजत नाही, त्याचा गोलसमोरून नुसता ढकलायचा एक चुकलेला टॅप-इन मात्र पिढ्यांना पुरतो.

हल्ली या वादात एक्सजी आलाय. प्रत्येक शॉट गोल व्हायची शक्यता किती, याचा हा आकडा. पेनल्टीला साधारण पाऊणच्या थोडा वर. बीबीसीने २०१७ पासून आपल्या सामन्यांच्या कार्यक्रमात तो दाखवायला सुरुवात केली आणि दोन-तीन वर्षांत तो नेरूळला पोचला. ‘बॉलच मिळत नाही त्याला’ याला आता आकडा जोडता येतो. त्याने वाद मिटला का? नाही. दोन्ही बाजूंना आकडे मिळाले.

आता घरचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली आणि मुंबई सिटीचं घर म्हणून डी. वाय. पाटील ठरलं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने पोरं नेरूळला उतरायची आणि तिथून जथ्याने चालत निघायची. घरच्या पहिल्या सामन्यात पुण्याला ५-० धुतलं, आंद्रे मोरित्झची हॅट्‌ट्रिक. पब्लिक आलं होतं ते फ्रेंच स्ट्रायकर निकोलस अनेल्का आणि टीमचा सहमालक रणबीर कपूर या दोघांसाठी; त्यातला पहिला इंग्लंडमधल्या बंदीमुळे सुरुवातीचे सामने बाहेरच बसला. मैदान क्रिकेटचं, गोलपोस्ट स्टँडपासून लांब. तिथून ऑफसाइड दिसणं अशक्य, तरी आम्ही सगळे ओरडायचो.

२०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीवर मुंबईने १ कोटी २० लाखांची बोली लावली. आमच्या भागात भारतीय स्ट्रायकरची किंमत चारचौघांत बोलली जायची ती तेव्हापासून. ऑक्टोबरमध्ये नॉर्थईस्टविरुद्ध त्याने इथेच हॅट्‌ट्रिक केली, आयएसएलमध्ये भारतीयाची पहिली. पुढच्या वर्षी उरुग्वेचा स्ट्रायकर डिएगो फोर्लान आला आणि टीम अंधेरीला गेली. आमच्या नेरूळकरांचा तेवढाच आनंद.

मात्र लीगच्या नियमात एक गोम होती. सुरुवातीला मैदानावर किमान पाचच भारतीय लागायचे, म्हणजे सहा परदेशी चालायचे. २०१७-१८ मध्ये परदेशी पाचावर आले, २०२१-२२ मध्ये चारावर. कोचने ही चार-सहा माणसं कुठे लावायची? नऊ नंबरला, कारण गोल महाग. भारतीय पोरगा कितीही वेगवान असो, त्याला विंगवर ढकलायचं. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत आयएसएलचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. आपल्या स्ट्रायकरच्या फॉर्मवर तावातावाने बोलताना तो त्या जागेवर किती मिनिटं खेळला, हे आम्ही क्वचितच बघतो.

सौदीवाल्या वाक्याचाही उगम सांगून टाकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्राझीलचा नेमार सौदीच्या अल-हिलाल क्लबला गेला आणि लगेच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ड्रॉमध्ये अल-हिलाल मुंबई सिटीच्या गटात आली. सामना डी. वाय. पाटीलला ठरला. नेमार नेरूळमध्ये! ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्याला जबर इजा झाली. ६ नोव्हेंबरला अल-हिलाल आली, २-० जिंकून गेली, आणि ब्राझीलच्या पिवळ्या जर्सी घालून आलेली पोरं अल-हिलालच्या मित्रोविचच्या गोलला टाळ्या वाजवून एल. पी. स्टॉपला बस पकडायला गेली.

राहता राहिला छेत्री. २०१६ मध्ये बंगळुरूकडून एएफसी कपची फायनल खेळून तो मुंबईकडे उशिरा आला, तेव्हा आमच्यातला एक ठाणेकर म्हणाला होता, ‘‘संपला हा, विका.’’ छेत्री जून २०२४ मध्ये भारताकडून निवृत्त झाला. मग चाळिशीत २०२४-२५ च्या आयएसएल हंगामात त्याने १४ गोल केले, एकाही भारतीयाचे त्याच्याइतके नव्हते. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं आणि शिलाँगला त्याने मालदीवविरुद्ध ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल मारला. दुसऱ्या दिवशी आम्ही जाळीपाशी त्या ठाणेकराला घेरला.

‘‘समोर मालदीव होतं रे,’’ तो म्हणाला आणि बिब घालून आत गेला.